चार रुपये पगाराचा गोलंदाज

मित्रांनो, आपल्या कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेत यंदा एक विषय होता : खेळाडूंनी मैदानावर निषेध करावा का? जवळजवळ प्रत्येकाने सुरुवात केली ती कॉलिन केपर्निकपासून. हा अमेरिकन फुटबॉलचा खेळाडू. कृष्णवर्णीयांवर होणाऱ्या पोलिसी अत्याचारांच्या निषेधार्थ २०१६ साली तो राष्ट्रगीताच्या वेळी आधी बसून राहिला, नंतर एक गुडघा टेकून राहू लागला. तो सीझन संपला आणि त्यानंतर त्याला एकाही संघाने घेतलं नाही. काहींनी १९६८ चं मेक्सिको ऑलिंपिक काढलं. २०० मीटर्सचं सुवर्ण जिंकलेला टॉमी स्मिथ आणि ब्राँझवाला जॉन कार्लोस, दोघेही राष्ट्रगीत चालू असताना मान खाली घालून, काळा हातमोजा घातलेली मूठ वर करून उभे राहिले. दोघांनाही संघातून काढून घरी पाठवलं. सगळी उदाहरणं अमेरिकेची! आपल्याकडचं एकही नाही. मग मी ठरवलं की या अंकात एका मराठी माणसाची गोष्ट लिहायची. (कॉन्व्हेंटवालीने मराठी विभागात लिहायचं म्हणजे संपादकांचीच परीक्षा, ऱ्हस्व-दीर्घ त्यांनी सांभाळावं!)

पण त्याआधी माझी बाजू सांगून टाकते, म्हणजे मी कुठे उभी आहे ते कळेल. मी छावणीत वाढले. बाबा लष्करातून निवृत्त झालेत. आमच्या घरात टीव्हीवर राष्ट्रगीत लागलं तरी सगळे उभे राहतात, हातात पोळीचा घास असला तरी. ते ५२ सेकंद आमच्याकडे कुणी बोलत नाही. त्यामुळे केपर्निकचा फोटो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला रागच आला होता. नंतर वाचलं की गुडघा टेकायची कल्पना त्याला नेट बॉयर नावाच्या एका माजी सैनिकाशी बोलताना सुचली. बसून राहू नकोस, गुडघा टेक, सैनिक आपल्या शहीद साथीदाराच्या थडग्यापाशी टेकतात तसा, असं बॉयरचं म्हणणं होतं. बाबांना हे सांगितलं तर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. आमच्याकडे हा वाद अजून मिटलेला नाही.

तर आता गोष्ट. तीही एका छावणीतच सुरू होते, फक्त आपल्या नाही, पुण्याच्या.

बाळू पालवणकर. जन्म १८७५-७६ च्या सुमारास, धारवाडला. जात चांभार, म्हणजे त्या काळच्या भाषेत अस्पृश्य. वडील लष्करी नोकरीत, म्हणून बिऱ्हाड पुण्याला. छावणी म्हणजे काय ते आपल्याला सांगायला नको. सरळ रस्ते, चर्च, परेडचं मैदान आणि साहेबांचे खेळ. आपल्या छावणीत निजामाच्या काळी हैदराबाद कंटिन्जंटच्या पलटणी असत, पुण्यात इंग्रजांच्या. गोरे अधिकारी जुन्या झालेल्या बॅटी आणि चेंडू टाकून देत, ते उचलून बाळू आणि त्याचा धाकटा भाऊ शिवराम क्रिकेट शिकले. कोच नाही, अ‍ॅकॅडमी नाही, टाकलेलं सामान!

(मी बाळूला अरे-तुरे करतेय याचा कुणी राग मानू नये. सचिनलाही आपण तसंच म्हणतो.)

शाळा सुटली आणि बाळूला पहिली नोकरी लागली ती पुण्यातल्या एका पारशी क्रिकेट क्लबात. काम खेळपट्टी झाडायचं आणि रोलर फिरवायचं, पगार महिना ३ रुपये. मध्ये कधी सभासदांना सरावासाठी चेंडू टाकायचे. १८९२ च्या सुमारास तो गोऱ्यांच्या पूना क्लबात गेला, तिथे पगार ४ रुपये. म्हणजे इन्क्रिमेंट एक रुपया. पाणी मारायचं, रोलर ओढायचा, नेट लावायचं आणि मग त्याच खेळपट्टीवर साहेबांना गोलंदाजी करायची. आम्ही सिव्हिलवाले सॉइल मेकॅनिक्सच्या लॅबमध्ये मातीत किती पाणी असलं की ती किती दबते याच्या रीडिंग्ज घेत बसतो आणि जर्नल पूर्ण करतो. बाळू ते रोज हाताने करत होता. कोणत्या मातीत चेंडू थांबेल, कुठे वळेल हे त्याला रोलर ओढताना कळत असणार असं आपलं मला वाटतं. पुस्तकात कुणी असं लिहिलेलं नाही, हा माझा सिव्हिलचा अंदाज.

तो डावखुरा फिरकी गोलंदाज होता. क्लबातला सगळ्यात मोठा बॅट्समन कॅप्टन ग्रेग. हा ग्रेग इतरांच्या आधी तासभर येऊन बाळूच्या गोलंदाजीवर सराव करायचा. त्याला आऊट केलं की दर वेळी तो बाळूला आठ आणे द्यायचा अशी दंतकथा आहे. हिशोब करा, आठ वेळा साहेबाला आऊट केलं की महिन्याचा पगार वसूल. दंतकथा खरी असो वा नसो, एक गोष्ट मात्र खरी : इतकी वर्षं, इतके तास गोलंदाजी केली, पण बाळूच्या हातात बॅट कुणी दिली नाही. बॅटिंग साहेबांनी करायची, घाम बाळूने गाळायचा.

इकडे पुण्यातल्या हिंदू संघाला गोऱ्यांना हरवायचं होतं. त्यांच्याच गावात, त्यांच्याच नेटमध्ये तयार झालेला असा गोलंदाज आयता होता. पण घ्यायचा कसा? तो अस्पृश्य! तेलुगू सभासद घ्या म्हणत होते, ब्राह्मण सभासदांचा विरोध होता. शेवटी जिंकायची हौस सोवळ्यापेक्षा मोठी ठरली आणि बाळू संघात आला. आला, पण कसा आला ते बघा. मैदानात बाळूने टाकलेला चेंडू सगळे झेलणार, हातात घेणार, परत त्याच्याकडे फेकणार. तिथे विटाळ नाही. चहाची सुट्टी झाली की बाकीचे आत पॅव्हेलियनमध्ये चिनी मातीच्या कपात चहा पिणार आणि बाळू बाहेर उभा राहून मातीच्या भांड्यात, जे नंतर फोडून टाकायचं. हात धुवायला पाणी द्यायचं तर त्याच्याच समाजातला गडी लागणार, तोही एका कोपऱ्यात. जेवण वेगळ्या ताटात, वेगळ्या टेबलावर.

मला हे वाचून सगळ्यात जास्त कशाचं आश्चर्य वाटलं सांगू? त्या चेंडूचं. एकाच दुपारी, एकाच माणसाच्या हातातून गेलेला चेंडू चालतो आणि कप चालत नाही. न्यायमूर्ती रानड्यांनीही नेमका हाच मुद्दा काढला होता म्हणतात : ज्याच्याबरोबर खेळता, त्याच्याबरोबर जेवायला काय हरकत आहे. साताऱ्याच्या गोऱ्या जिमखान्याविरुद्ध बाळूने सात विकेट्स काढल्या त्याच सुमाराची ही गोष्ट. पुण्यात कौतुक झालं, हार पडले. पण आडनाव न विचारता मिळणारा चहाचा कप काही मिळाला नाही.

१८९६ ला पुण्या-मुंबईकडे प्लेग आला. बाळू मुंबईला गेला, काही काळ लष्करात, मग रेल्वेत नोकरी आणि हिंदू जिमखान्याकडून क्रिकेट. पाठोपाठ शिवरामही संघात आला. फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईला हिंदू विरुद्ध युरोपियन असा सामना झाला. वर्ष लक्षात घ्या, नुकतीच बंगालची फाळणी झालेली, स्वदेशीची चळवळ जोरात. हिंदूंनी गोऱ्यांना १०९ धावांनी हरवलं. बाळूने दोन डावांत मिळून आठ विकेट्स घेतल्या. लगानमधल्या कचऱ्याला ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यांनी खरा बाळूही जाणून घ्यावा, आणि खऱ्या बाळूचा हात काही अपघाताने वळत नव्हता! मुंबईच्या जिमखान्याने तोपर्यंत या भावांना बाकीच्यांबरोबर जेवायला बसवायला सुरुवात केली होती. इंडियन सोशल रिफॉर्मरसारख्या सुधारकी पत्राला सामन्याच्या निकालापेक्षा त्या पंगतीचंच जास्त कौतुक वाटलं.

१९११ ला पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. तिथे आपली धूळधाण झाली, २३ पैकी १५ सामने हरलो. महाराज थोडे सामने खेळले आणि मग दरबारी कार्यक्रमांत रमले. बाळू मात्र पस्तिशी गाठलेला, खांदा दुखतोय, आणि तरीही ११४ विकेट्स! सगळ्या दौऱ्याची अब्रू राखली ती एकट्याने. परत आल्यावर मुंबईत दलित समाजाने त्याचा सत्कार केला. त्या काळी वीस वर्षांचे असलेले भीमराव आंबेडकर हे बाळूला हिरो मानत असत. ही गोष्ट लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

आता मुख्य मुद्दा. हिंदू, पारशी, युरोपियन आणि १९१२ पासून मुस्लिम, असे दर वर्षी चौरंगी सामने व्हायचे. पालवणकर चार भाऊ : बाळू, शिवराम, गणपत, विठ्ठल. चौघेही हिंदू संघाकडून खेळले. सगळ्यात अनुभवी बाळू, त्यामुळे कर्णधारपदासाठी त्याचं नाव दर वर्षी निघायचं आणि दर वर्षी मागे पडायचं. १९१३ ला एम. डी. पै कर्णधार झाले. ते सारस्वत ब्राह्मण. माणूस सरळ असावा, कारण सत्काराच्या सभेत त्यांनी स्वतःच सांगून टाकलं की हा मान खरा बाळूचा होता. पण समितीला ते पटलं नाही. अशी आणखी सात वर्षं गेली.

१९२० च्या अखेरीला बाळूला संघातूनच वगळलं. वय झालं होतं, मान्य. गणपत त्याच वर्षी वारला होता. उरले शिवराम आणि विठ्ठल, दोघेही चांगल्या फॉर्मात. पै आजारी पडले म्हणून पहिल्या सामन्यासाठी दुसरा कर्णधार हवा होता. समितीने विठ्ठलला डावलून पुण्याच्या दि. ब. देवधरांना नेमलं. (हेच ते देवधर, ज्यांच्या नावाची पुढे ट्रॉफी आली. मोठे खेळाडू, त्यांच्यावर माझा राग नाही.) पण विठ्ठल त्यांना सीनियर होता. आणि तेव्हा शिवराम-विठ्ठलने ते केलं जे बाळूने पंचवीस वर्षांत केलं नव्हतं. त्यांनी संघातून माघार घेतली. नुसती घेतली नाही, वर्तमानपत्रात निवेदन देऊन कारण सांगितलं : कर्णधार खेळ बघून निवडा, जात बघून नको, आणि हा आमचा अपमान आहे.

मित्रांनो, हा निषेध कसा होता ते बघा. कुणाला शिवी नाही, मूठ नाही, गुडघा नाही. फक्त मैदानावर न जाणं आणि का गेलो नाही ते सही करून सांगणं. तिथे राष्ट्रगीताचा प्रश्नच नव्हता, आपलं राष्ट्रगीत १९५० साली ठरलं. पण राष्ट्रगीताच्या जागी जे असतं ते सगळं होतं. आपल्या माणसांचा संघ, समोर परके, स्टँडमध्ये हजारो लोक, आणि देशात असं वातावरण की सगळ्यांनी एक व्हायलाच हवं. त्याच डिसेंबरमध्ये नागपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, असहकार तिथे पक्का झाला आणि अस्पृश्यता घालवायची हाकही तिथून दिली गेली. म्हणजे त्या दोघांना ही वेळ आहे का, घरचं भांडण चव्हाट्यावर का, खेळात राजकारण कशाला, असे सगळे प्रश्न विचारता आले असते. आपल्या वक्तृत्व स्पर्धेत केपर्निकला विचारले गेले तेच. मला एवढंच विचारायचं आहे की योग्य वेळ कोणती होती? १८९५ ला मातीच्या भांड्यात चहा पिताना? १९११ ला खांदा दुखत असताना? १९१३ ला सत्काराच्या सभेत?

झालं काय, तर लोकांना भावांचं म्हणणं पटलं. समितीला तडजोड करावी लागली. अंतिम सामन्यासाठी पै कर्णधार म्हणून परत आले, वगळलेला बाळू आत आला आणि तोही उपकर्णधार म्हणून, शिवराम-विठ्ठल परत खेळले. सामन्यात काही वेळ पै मैदानाबाहेर गेले आणि तेवढा वेळ बाळूने हिंदू संघाचं नेतृत्व केलं. पै मुद्दाम बाहेर गेले असं मानतात. पंचवीस वर्षांची गोलंदाजी आणि त्याचं फळ म्हणजे अर्ध्यामुर्ध्या डावाचं कर्णधारपद, तेही एका सहृदय माणसाने उसनं दिलेलं. १९२३ ला मात्र विठ्ठल रीतसर कर्णधार झाला, हिंदूंनी युरोपियनांना हरवून स्पर्धा जिंकली आणि लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं.

काही जण म्हणतील, बघा, बाळूने गुणांनी उत्तर दिलं, तसंच द्यावं, निषेध कशाला. मला हे अर्धंच पटतं. बाळू गप्प राहिला कारण ४ रुपये पगाराच्या माणसाला गप्प राहावंच लागतं. आणि तो गप्प राहून इतका मोठा झाला म्हणूनच भावांच्या माघारीला वजन आलं, हेही खरं. पण १७९ फर्स्ट क्लास विकेट्सनी जे झालं नाही, ते एका निवेदनाने झालं. हे आकडे आहेत, याला काय करणार?

तरी राष्ट्रगीताचं मला अजून वेगळं वाटतं. ते एखाद्या निवड समितीचं नाही, सगळ्यांचं आहे. मी स्वतः बसून राहणार नाही. पण न उठणाऱ्याची कॉलर धरायला मी जाणारही नाही. केरळातल्या तीन मुलांची केस आहे, धर्मामुळे राष्ट्रगीत गात नसत पण आदराने उभी राहत, म्हणून शाळेने काढून टाकलं होतं. १९८६ ला सुप्रीम कोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. २०२१ च्या टी-ट्वेन्टी वर्ल्ड कपमध्ये पाकिस्तानविरुद्धच्या सामन्याआधी आपल्याही संघाने गुडघा टेकला, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांसाठी. तेव्हा अनेकांनी विचारलं की घरच्यांसाठी कधी? प्रश्न टोमणा म्हणून विचारला होता, पण प्रश्न म्हणून तो चांगला आहे. घरच्यांसाठी १९२० ला दोघा भावांनी उत्तर दिलं होतं.

बाळूचं पुढचं आयुष्य मात्र मला कोड्यात टाकतं. तो राजकारणात आला, पण बाबासाहेबांच्या बाजूने नाही. अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ नकोत, संयुक्तच हवेत असं त्याचं मत होतं. १९३२ च्या पुणे करारावर बाबासाहेबांची सही आहे तशी पी. बाळू अशी त्याचीही आहे. त्याच वर्षी भारत पहिली कसोटी खेळला, लॉर्ड्सला, आणि बाळू तेव्हा साठीकडे झुकलेला होता. १९३५ ला बाबासाहेबांनी येवल्यात धर्मांतराची घोषणा केली, बाळूला तेही पटलं नाही. १९३७ च्या मुंबई विधानसभा निवडणुकीत काँग्रेसने त्याला थेट बाबासाहेबांच्याच विरोधात उभं केलं. ज्याने तरुणपणी हिरो मानलं, त्याच्याशीच सामना! बाळू सुमारे दोन हजार मतांनी हरला.

आपल्या गावात हे वाचायला जरा जड जातं. छावणीतून निघालं की थोड्याच अंतरावर नागसेनवन, बाबासाहेबांनी उभं केलेलं मिलिंद कॉलेज, पुढे त्यांच्या नावाचं विद्यापीठ. या रस्त्यावर बाळूच्या बाजूने बोलणारा मिळणं कठीण, आणि मीही त्या निवडणुकीत बाबासाहेबांनाच मत दिलं असतं. पण बाळू विकला गेला वगैरे जे सहज बोललं जातं ते मला पटत नाही. आयुष्यभर तो एकाच गोष्टीच्या मागे होता, की संघ एकच असावा आणि आपल्याला त्यात आत घ्यावं. मैदानावर ते थोडंफार जमलं, म्हणून बाहेरही जमेल असं त्याला वाटलं असणार. बाबासाहेबांनी तीच मातीची भांडी बघितली आणि वेगळं उत्तर काढलं.

४ जुलै १९५५ ला बाळू मुंबईत वारला. सांताक्रूझला अंत्यसंस्कार झाले, तेव्हा क्रिकेटपटूही होते आणि पुढारीही. इंग्रजीत रामचंद्र गुहांनी २००२ च्या पुस्तकात ही सगळी हकीकत लिहिली आणि मी ती तिथेच वाचली. पण त्यांनी बराचसा आधार घेतला आहे तो विठ्ठलने स्वतः मराठीत लिहिलेल्या पुस्तकाचा, माझे क्रीडाजीवन, १९४८. ते पुस्तक मला आपल्या लायब्ररीत सापडलं नाही. कुणाच्या आजोबांच्या कपाटात असेल तर कृपया मराठी विभागाकडे आणून द्यावं. कव्हर घालून, एकही पान न दुमडता परत करीन, झेरॉक्सचा खर्च माझा.